वडिलांचे न ऐकणारी सोफी

सोफी शॉल म्हटले की म्युनिक विद्यापीठाच्या सज्जावरून नाझीविरोधी पत्रके खाली ढकलून देणारी एकवीस वर्षांची तरुणीच बहुतेकांना आठवते. मला मात्र त्याआधीची, उल्म शहरात गणवेश घालून नाझींच्या मुलींच्या संघटनेत हौसेने वावरणारी आणि पुढे तेथे गटप्रमुख झालेली सोफी अधिक विचारात पाडते.

हिटलर सत्तेवर आला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. वडील रॉबर्ट शॉल उदारमतवादी होते आणि नाझींवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. तरीही थोरला हान्स, बहीण इंगे आणि पाठोपाठ सोफी अशी मुले एकेक करून संघटनेत गेली. घरात वाद झाले, पण रॉबर्ट यांनी मुलांना दटावून रोखले नाही. दडपशाहीने या कुटुंबात पहिली फूट पाडली ती अशी, मुलांच्याच उत्साहाच्या आधाराने.

सोफीचे मन एका रात्रीत पालटले, असे म्हणणे मला पटत नाही. १९३७ साली बंदी असलेल्या युवक गटाशी संबंध असल्याच्या संशयावरून गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, भावंडांना धरून नेले. सोफीला त्याच दिवशी सोडले, पण घराचा उंबरठा पोलिसांनी ओलांडला तो ओलांडलाच. पुढे युद्ध सुरू झाल्यावर तिचा मित्र फ्रिट्झ हार्टनागेल याच्याशी, जो स्वतः सैन्यात अधिकारी होता, ती पत्रांतून युद्धाच्या न्याय्यतेबद्दल वाद घालू लागली. रशियातील सैनिकांसाठी गरम कपडे गोळा केले जात असताना तिने ते देण्यास नकार दिला, कारण जर्मनीने हे युद्ध हरलेच पाहिजे, असे तिचे मत झाले होते. आपल्याच माणसांबाबत इतके कठोर होणे अनेकांना खटकेल. मलाही प्रथम खटकले होते.

१९४२ च्या उन्हाळ्यात कुटुंबाची खरी पांगापांग झाली. हिटलर म्हणजे ईश्वराने मानवजातीवर धाडलेला कोप आहे, असे रॉबर्ट कार्यालयात बोलून गेले, तेथीलच एका कर्मचारी स्त्रीने ते पोलिसांच्या कानावर घातले आणि त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. हान्स आणि धाकटा वेर्नर रशियाच्या आघाडीवर होते, तर म्युनिकला जीवशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकू लागलेल्या सोफीला सुटीत उल्मच्या शस्त्रास्त्र कारखान्यात सक्तीने राबावे लागत होते. ज्या युद्धाचा ती तिरस्कार करत होती, त्याचीच सामग्री तिच्या हातून तयार होत होती. हान्स आणि त्याच्या मित्रांनी सुरू केलेल्या, नाझीविरोधी पत्रके वाटणाऱ्या 'व्हाइट रोझ' गटाच्या कामात ती पुढे पूर्णपणे उतरली, यामागे या उन्हाळ्याचा मोठा वाटा असावा, असे मला वाटते.

१८ फेब्रुवारी १९४३ रोजी विद्यापीठात पत्रके टाकताना हान्स आणि सोफी या भावाबहिणीला पकडले आणि २२ तारखेला न्यायाधीश फ्राइस्लरने त्यांना व गटातील सहकारी क्रिस्टोफ प्रोब्स्टला मृत्युदंड ठोठावून त्याच दिवशी तो अमलात आणला. एके काळी मुलांशी राजकारणावरून भांडणारे रॉबर्ट त्या न्यायालयात घुसून त्यांची बाजू मांडू पाहत होते. त्यांना बाहेर काढण्यात आले. काही दिवसांतच आईवडील, इंगे आणि दुसरी बहीण एलिझाबेथ यांना केवळ नात्यापायी अटक झाली. वेर्नर १९४४ मध्ये रशियात बेपत्ता झाला. परदेशी रेडिओ ऐकल्याबद्दल रॉबर्ट यांना पुन्हा अठरा महिन्यांची शिक्षा झाली आणि युद्ध संपल्यावर, १९४५ मध्ये, ते त्याच उल्मचे महापौर झाले.