मामाची पुडी आणि आठवीचा वर्ग

सोलापूरच्या पूर्व भागातील एका शाळेत आठवीच्या वर्गासमोर तंबाखूप्रतिबंधाचे सत्र घेण्याचा दिवस माझ्या कामातील विशेष महत्त्वाचा दिवस ठरला. संशोधनात उपयुक्त ठरलेले कार्यक्रम शाळेच्या तासिकेत बसतील आणि शिक्षकांना स्वतः घेता येतील अशा रूपात तयार करणे, हे माझे काम. या भागात असंख्य घरांत आई किंवा आजी विडी वळते. कारखान्यातून पान आणि तंबाखू आणायचा, तयार विड्या मोजून द्यायच्या आणि त्या मजुरीवर घर चालवायचे, असा तिथला दिनक्रम आहे.

आमच्या कार्यक्रमाचा मुख्य आधार होता ‘प्रोजेक्ट मैत्री’. दिल्ली आणि चेन्नईतील ३२ शाळांत २००४ ते २००६ या काळात झालेल्या या अभ्यासात, कार्यक्रम न मिळालेल्या शाळांमधील तंबाखूसेवन ६८ टक्क्यांनी वाढले, तर कार्यक्रम मिळालेल्या शाळांमध्ये ते १७ टक्क्यांनी घटले. वर्गातील उपक्रम, भित्तिपत्रके, पालकांना पोस्टकार्डे आणि मुलांमधूनच निवडलेले गटप्रमुख, हे त्याचे घटक होते. कर्करोगाची भयंकर चित्रे दाखवण्याकडे शाळांचा फार ओढा असतो. परंतु ज्या मुलाचे आजोबा वर्षानुवर्षे तंबाखू मळत धडधाकट हिंडत आहेत, त्याच्यावर त्या चित्रांचा प्रभाव टिकत नाही, असे माझे ठाम मत आहे.

पहिला उपक्रम ठरल्याप्रमाणे पार पडला. ‘आपल्या वयाची किती मुले तंबाखू खातात?’ या प्रश्नाला बहुतेकांनी निम्म्याहून अधिक असे उत्तर दिले. मग प्रत्येकाने निनावी चिठ्ठीत स्वतःविषयी लिहिले. गटप्रमुखांनी चिठ्ठ्या सर्वांसमोर मोजल्या, तेव्हा सेवन करणारे अगदी थोडे निघाले. ‘सगळेच खातात’ हा समज असा त्यांच्याच हातांनी दूर झाला.

खरा पेच पुढच्या उपक्रमात आला. मित्राने सिगारेट पुढे केल्यास नकार कसा द्यावा, याचा सराव पुस्तिकेत होता. तो चालू असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “मॅडम, मित्राला नाही म्हणता येतं. मामा टपरीवरून पुडी आणायला पाठवतात, त्यांना कसं नाही म्हणायचं?” सारा वर्ग सावरून बसला, कारण हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाचा होता. वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर नकार देणे हा आपल्याकडे उद्धटपणा समजला जातो, आणि पुडी आणता आणता चव घेण्याची संधीही मिळते. मी पुस्तिका मिटली आणि हाच प्रसंग गटांकडे सोपवला. २००३ च्या कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकता येत नाही आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत तर विक्रीलाच बंदी आहे, एवढीच माहिती मी पुरवली. त्यावरून एका गटाने वाक्य तयार केले: “मामा, मला दिली तर दुकानदारावर केस होईल, तुम्हीच आणा.” मान राखला गेला आणि नकारही दिला गेला. नकाराचे कौशल्य शिकवणे हा संशोधनाचा गाभा तसाच राहिला. फक्त समोरची व्यक्ती बदलली.

पोस्टकार्डांच्या वेळी एका मुलीने हळूच विचारले, “माझी आई विडी वळते. तंबाखू वाईट असं लिहिलं तर तिला काय वाटेल?” तिच्या आईच्या कष्टांना दूषण लागेल असा संदेश घरी पाठवणे मला कदापि मान्य नव्हते. तंबाखूची धूळ श्वासात जाते आणि निकोटीन त्वचेतून शरीरात उतरते. म्हणजे त्या घरातील पहिला धोका आईलाच असतो. हे समजावल्यावर मुलीने लिहिले: “आई, तंबाखूचं सूप स्वयंपाकापासून लांब ठेव. काम करताना तोंडाला कापड बांध. जेवणाआधी साबणानं हात धू.” थोडे थांबून तिने चौथे वाक्य जोडले: “मला विड्यांची तोंडं बंद करायला बसवू नको, त्या वेळात मी अभ्यास करीन.”

सुधारित पुस्तिकेत मामाचा प्रसंग सिगारेटच्या जागी आला आणि विडी कामगार पालकांसाठीच्या पोस्टकार्डावर पहिली तीन वाक्ये छापली गेली. चौथ्या वाक्याची जागा मी कोरी सोडली. मुलीचे हात थांबले तर आईची त्या दिवसाची मजुरी कमी होते, आणि तो हिशोब ज्या घरात रोज होतो, त्या घरातील मुलीनेच ते वाक्य लिहायचे की नाही हे ठरवावे, असे मला वाटले.