चार कुणाचे?

मित्राचा निरोप आला, ‘चारला बोलू.’ मी लगेच अंगठा पाठवून मोकळा झालो. मग आठवलं, तो सध्या पोर्तुगालमध्ये, पोर्तोला आहे. चार त्याचे की माझे?

विचारलं असतं तर मिटलं असतं. पण असं काही विचारायचं नाही, आपलं आपण शोधायचं, ही माझी जुनी खोड. कॉम्प्युटरच्या वेळांच्या यादीत पोर्तो नव्हतं. ही यादी शहरांच्या नावांनी चालते. अख्खा भारत तिथे कोलकाता होऊन बसलेला असतो. म्हटलं, स्पेनच्या शेजारीच तर आहे, माद्रिदची वेळ धरू. तिथेच फसलो. माद्रिद ग्रिनिचच्या पश्चिमेला, म्हणजे घड्याळ लंडनबरोबर चालायला हवं. पण १९४० साली हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत स्पेनचे काटे तासभर पुढे गेले, ते कायमचेच. पोर्तुगाल मात्र लंडनच्या वेळेवर. दोघांच्या सीमेवरच्या मिन्यू नदीच्या एका काठावर बारा वाजतात तेव्हा समोरच्या काठावर एक. पूल ओलांडायचा दोन मिनिटांत, आणि जातो एक तास!

लंडनची वेळ म्हटलं की मला मामाचं घड्याळ आठवतं. आकडे नसलेलं, नुसत्या रेघांचं. मामा ते मनगटावरून काढायचा, उलटं धरायचा आणि म्हणायचा, ‘बघ, लंडन.’ आपले चार, तर उलट्या घड्याळात साडेदहा. बरोब्बर साडेपाच तासांचा फरक. तासकाटा तेवढा नेमका दहावर असायचा. साडेदहाला तो दहा-अकराच्या मध्ये हवा. हे मी दाखवलं की मामा वैतागायचा. ‘काट्याकडे काय बघतोस? वेळ बघ!’ मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडचे लोक घड्याळं पुढे करायचे, मग मामाची विद्या ऑक्टोबर संपेपर्यंत रजेवर. लंडनमध्ये त्याच्या ओळखीचं कुणीही नव्हतं.

शोधता शोधता काशगरला पोचलो. पूर्ण चीनला बीजिंगची एकच वेळ, पण काशगरचे उइगुर लोक आपसात दोन तास मागची वेळ पाळतात. म्हणजे समोरासमोर राहणाऱ्यांनाही ‘कुठल्या घड्याळाचे चार?’ विचारून घ्यावं लागत असणार. पॅसिफिकमधल्या सामोआ या देशाने तर २०११ च्या डिसेंबरातली ३० तारीखच गाळली. गुरुवारनंतर थेट शनिवार. शुक्रवारी चारला बोलायचं ज्यांनी कबूल केलं असेल, ते सुटले.

हे सगळं होईतो माझे चार वाजून गेले. फोन आला नाही. म्हणजे चार त्याचे. नाहीतर तोही तिकडे यादी उघडून कोलकात्यापाशी अडकला असेल.