‘कोल्हापूर’ फिरलं, पण नव्वद अंशांवर

अखेर ४५५९३, म्हणजे माझं ‘कोल्हापूर’ नावाचं वाफेच्या इंजिनाचं मॉडेल, लंगडायचं थांबलं! मॉडेल रुळांच्या सेकंड रेडियसच्या वळणावर अगदी रांगत नेलं तरी चाकं जोडणारे रॉड अडकत नाहीत.

स्प्लिट, म्हणजे उभ्या दुभागलेल्या चेसीच्या या ज्युबिली वर्गातल्या इंजिनाचा मफ (अॅक्सलची जोडनळी) तडकल्याचं मागे लिहिलंच होतं. हा रोग रचनेतलाच. चेसीचे दोन अर्धे दोन रुळांची वीज वाहतात, म्हणून अॅक्सलही अर्धे-अर्धे, आणि मध्ये जोडायला प्लॅस्टिकची नळी. वर्षानुवर्षं ताणात राहून ती चिरते, अॅक्सल आत फिरतो, क्वार्टरिंग, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांवरच्या क्रँकमधला ठरलेला कोन, जातं.

इंग्लंडातून मागवलेले प्रिंटेड मफ दिसायला देखणे, पण भोक ढिलं. कस्टम धरून तेवढ्यात मालगाडीची एखादी जुनी मॉडेल वाघीण आली असती. मग वाटलं, तडकलेल्या मफवर पितळी बाही चढवावी. पण ती दोन्ही अर्ध्यांना टेकली की शॉर्ट. शेवटी उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडे गेलो. नमुना पाहून तो म्हणाला, “नायलॉन नको, डेल्रिन घ्या.” त्या कडक प्लॅस्टिकच्या नळीचं भोक त्यानं केसभर कमी ठेवलं. मधल्या मफवरचं गिअर तेवढं शाबूत होतं. ते कापून नव्या नळीवर दाबून बसवलं. फेव्हिक्विकच्या भानगडीत पडू नका, डेल्रिनला ते धरतच नाही. व्हर्नियरवर बॅक-टू-बॅक (समोरासमोरच्या चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर) १४.५ मिमी, मग जिगमध्ये, म्हणजे कोन धरणाऱ्या साच्यात, क्रँक नव्वदला. रॉड हातानं फिरवताना कुठेच खटका लागला नाही, तेव्हा जो आनंद झाला तो रंगकामात कधी मिळाला नाही.

आता होलबेक या इंजिन शेडचा ५५ए कोड लावायचा. १९६७च्या उन्हाळ्यात खरं इंजिन इंग्लंडातल्या सेटल-कार्लाइल मार्गावर गाड्या ओढत होतं, म्हणून रंग बीआरचा (ब्रिटिश रेल्वेचा) हिरवाच. आधीच्या एलएमएस रेल्वे कंपनीचा किरमिजी कितीही शाही असला, तरी माझं ‘कोल्हापूर’ शेवटच्या दिवसांतलं, काजळी धरलेलंच हवं. नावपट्ट्या मात्र एच केलेल्याच, म्हणजे धातूत कोरलेल्या. छापील नाव लांबूनही सपाट दिसतं.

हे लिहितानाच एक किडा डोक्यात शिरला. स्टॅनिअरनं आखलेल्या ज्युबिलीला सिलिंडर तीन, म्हणजे खऱ्या इंजिनात दोन्ही बाजूंचे क्रँक १२० अंशांवर. मॉडेलवाले सरसकट ९० देतात. १२० वरही दोन्ही बाजू एकदम डेड सेंटरला (रॉड आणि क्रँक एका रेषेत) येत नाहीत, म्हणजे चालायला हरकत नाही. मफ अजून ताजे आहेत, चाकं सुटतील. रंग राहू दे बाजूला, आधी १२०चा जिग. उद्या पुन्हा उद्यमनगर.

कुणी १२०वर चालवलंय का? समोरून पाहिलं तर फरक कळतो का, तेवढं सांगा.