ब्लॉक करायच्या आधी

सांगली-साताऱ्यात कुणी दातओठ खात "बघतो तुला" म्हणालं, तर ऐकणाऱ्याला अर्थ विचारावा लागत नाही. "उद्या स्टँडवर ये, बघतोच" ही सरळसरळ धमकी आहे. पण हीच कमेंट इन्स्टाग्रामवर रिपोर्ट केली की ती आधी यंत्राकडं जाते, कधी पुढं माणसाकडं, आणि दोघांनाही दिसतं ते एवढंच की कुणीतरी कुणाला स्टँडवर भेटायला बोलावतंय. "आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही" असं उत्तर येतं. तक्रार करणारी पोरगी खचते, घरचे म्हणतात, सोड, यांचं काही वाकडं होत नाही. होतं. फक्त रिपोर्टचं बटण दाबलं म्हणजे तक्रार झाली, हा समज आधी काढून टाकायला हवा.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते घाईघाईत ब्लॉक केल्यानं. एकदा ब्लॉक केलं की समोरच्याचं प्रोफाइल तुम्हालाच दिसेनासं होऊ शकतं. मग लिंक कुठून आणणार? व्हॉट्सॲपवर रिपोर्ट करताना ब्लॉक करून चॅट डिलीट करायचा पर्याय तिथंच असतो. त्यावर खूण असेल तर आधी काढा, नाहीतर पुरावा आपल्याच हातानं पुसला जातो. व्हॉट्सॲपवर संपर्काचा रिपोर्ट केला की कंपनीकडं त्या माणसानं पाठवलेले शेवटचे पाच मेसेज जातात आणि त्याला ते कळवलं जात नाही. पण धमकी देऊन त्यानं वर सहा 'शुभ सकाळ' पाठवले असतील, तर त्या पाचात धमकी नसतेच. अशा वेळी धमकीचाच मेसेज दाबून धरायचा आणि तेवढ्याचा रिपोर्ट करायचा.

पुरावा म्हणजे नुसता कापलेला स्क्रीनशॉट नव्हे. स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू करा, ॲप उघडा, त्या माणसाचं प्रोफाइल उघडा, युजरनेम दिसू द्या, मग पोस्ट, मग कमेंट. इन्स्टाग्रामवर तीन ठिपक्यांत 'या अकाउंटबद्दल' असा भाग असतो, तिथं खातं कधी उघडलं ते कळतं. तेही रेकॉर्डिंगमध्ये घ्या. नंतर पोस्टची लिंक कॉपी करून वहीत किंवा नोट्समध्ये तारीख-वेळेसह लिहून ठेवा. हे लिहिणं का, तर कमेंटखाली '३ दिवस', '२ आठवडे' असं दिसतं, आणि दोन महिन्यांनी तो स्क्रीनशॉट बघणाऱ्याला त्यातून तारीख कळत नाही. युजरनेम एका मिनिटात बदलता येतं, पण पोस्टची लिंक तीच राहते. म्हणून नावापेक्षा लिंकेला किंमत जास्त. स्टोरी २४ तासांत जाते, तिच्यासाठी थांबून चालत नाही. इन्स्टाग्रामच्या व्हॅनिश मोडमध्ये (यात वाचलेले मेसेज आपोआप पुसले जातात) स्क्रीनशॉट घेतला तर समोरच्याला कळतं, तिथं दुसऱ्या फोननं फोटो काढा. आणि हे सगळं ज्या फोनवर आलंय तो फोन रिसेट करू नका, विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागतं, तेव्हा मूळ फोन आणि मूळ फाइल हातात असलेली बरी. फाइल कुणाला द्यायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवली की व्हॉट्सॲप ती दाबून लहान करतं.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवा. पीडित मुलगा किंवा मुलगी १८ वर्षांखालची असेल आणि चित्र अश्लील असेल, तर स्क्रीनशॉट काढू नका, 'पुरावा' म्हणून काका-मामांना पुढं पाठवू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब मध्ये असं चित्र जवळ साठवणं, पाठवणं हासुद्धा गुन्हा आहे. फक्त लिंक लिहा आणि पोलीस ठाणं गाठा.

आता रिपोर्ट. गावाच्या ग्रुपवर "सगळ्यांनी मिळून रिपोर्ट मारा रे" असं आवाहन होतं आणि दोनशे जण बटण दाबतात. किती जणांनी रिपोर्ट केलं यावर पोस्ट काढायची की नाही हे ठरत नाही, असं इन्स्टाग्राम स्वतःच सांगतं. ठरतं ते कुठला प्रकार निवडला त्यावर. कराडच्या कॉलेजातल्या मुलीचा फोटो आणि नाव लावून कुणी खोटं खातं काढलं आणि तिनं 'छळ' निवडलं, तर तपासणारा छळाचे शब्द शोधतो. त्या खात्यावर शिवी एकही नसते, तक्रार फेटाळली जाते. तिथं 'दुसऱ्याच्या नावानं खातं' हाच प्रकार निवडायला हवा. त्यासाठीच्या फॉर्ममध्ये ओळखपत्राचा फोटो मागतात आणि स्वतःचं खातं नसलं तरी तो भरता येतो. दुसरी गफलत म्हणजे प्रोफाइलचा रिपोर्ट करणं आणि घाण असते कमेंटमध्ये. पोस्टचा वेगळा, कमेंटचा वेगळा, खात्याचा वेगळा रिपोर्ट करायचा.

सेल्फी आपणच काढलेला म्हणून कॉपीराइटचा दावा ठोका, असा सल्लाही फिरत असतो. पोस्ट लवकर उतरते हे खरं, पण त्या दाव्यात तुमचं नाव आणि ईमेल समोरच्याकडं जाऊ शकतं. छळणाऱ्याच्या हाती आपला पत्ता आपणच का द्यायचा?

रिपोर्ट फेटाळला की खरी तक्रार सुरू होते. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक प्लॅटफॉर्मला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, आणि ज्यांचे भारतात ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते आहेत त्यांचा हा अधिकारी भारतात राहणारा असावा लागतो. त्याचं नाव आणि संपर्काची रीत ॲपच्या किंवा साइटच्या मदत विभागात जाहीर असते. तक्रार मिळाल्याची पोच २४ तासांत द्यायची आणि १५ दिवसांत निकाल, असं मूळ नियमांत होतं. पुढच्या दुरुस्त्यांनी मुदती आवळतच नेल्या आहेत. रिपोर्टच्या बटणाला हे बंधन लागू होताना दिसत नाही, या तक्रारीला होतं. म्हणून पोचेचा क्रमांक जिवापाड जपा.

तक्रारीचा मजकूर लांबलचक नको. आमची बदनामी झाली, आई आजारी पडली, हे खरं असतं आणि वाचताना पोटात तुटतं, पण तपासणारा त्यातून नियम शोधत बसत नाही. असं लिहा: "कमेंटची लिंक ही. तारीख ही. मूळ शब्द: 'उद्या स्टँडवर ये, बघतोच'. आमच्या भागात 'बघतोच' याचा अर्थ मारहाण करीन असा होतो. मी रोज याच एसटी स्टँडवरून कॉलेजला जाते आणि हे त्याला ठाऊक आहे. यापूर्वी या तारखांना त्यानं असेच मेसेज पाठवले, लिंका खाली. ही थेट धमकी आहे, कमेंट आणि खातं काढावं. आधीचा रिपोर्ट या तारखेला फेटाळला." शब्दाचा अर्थ समजावून सांगणारी ती एक ओळ सगळ्यात मोलाची. टोमण्यात दडलेली जातीवाचक शिवी असो की रोमन लिपीत मुद्दाम वाकडं लिहिलेलं नाव, दोन्हींना तीच युक्ती. इंग्रजी जमत असेल तर अर्थ इंग्रजीतही द्या, मूळ मराठी शब्द मात्र जसेच्या तसे ठेवा.

इथंही न्याय मिळाला नाही, किंवा मुदतीत उत्तरच आलं नाही, तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडं जाता येतं. २०२२ च्या दुरुस्तीनं ही सोय झाली आणि २०२३ पासून तिचं पोर्टल सुरू आहे. निकाल कळल्यापासून ३० दिवसांत अपील करायचं. ते पूर्ण ऑनलाइन असतं, दिल्लीला जावं लागत नाही. फार थोड्या लोकांना हे ठाऊक आहे, याचं वाईट वाटतं.

खासगी चित्रांची गोष्ट वेगळी. नग्न किंवा मॉर्फ केलेला, म्हणजे जोडतोड करून बनवलेला, फोटो असेल तर मूळ नियमातच मुदत २४ तासांची होती, आणि तक्रार पीडितेनंच करावी असंही नाही, तिच्या वतीनं बहीण, मैत्रीण, कुणीही करू शकतं. फोटो अजून पसरला नसेल, नुसती धमकी असेल, तर खासगी फोटो विनासंमती पसरू नयेत म्हणून 'स्टॉप एनसीआयआय' (StopNCII) ही मोफत सोय आहे. फोटो तुमच्याच फोनवर राहतो, त्याचा फक्त आकड्या-अक्षरांचा ठसा तयार होऊन फेसबुक, इन्स्टाग्राम आणि सहभागी असलेल्या इतर कंपन्यांकडं जातो, आणि तोच फोटो कुणी टाकायला गेला तर तो ओळखला जातो. ही सोय १८ वर्षांवरच्यांसाठी. त्याखालच्यांसाठी 'टेक इट डाउन' नावाची तशीच सोय आहे.

यूट्यूबवर गावच्या भानगडींचे व्हिडिओ टाकणारी चॅनेलं वाढलीत. तिथं गोपनीयतेची तक्रार वेगळी असते. व्हिडिओत तुम्ही कितव्या मिनिटाला दिसता ते नेमकं सांगावं लागतं, आणि सर्वसाधारणपणे व्हिडिओ टाकणाऱ्याला तो काढायला ४८ तास देतात.

ग्रुप ॲडमिननं हात झटकायचं कारण नाही. सदस्यानं टाकलेल्या मजकुराला समान हेतू सिद्ध झाल्याशिवाय ॲडमिन गुन्हेगार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलंय. पण कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायची सोय आता ॲडमिनच्या हातात आहे. स्क्रीनशॉट घ्यावा आणि लगेच ती वापरावी.

खातं कुणाचं आहे हे कंपनी तुम्हाला सांगत नाही, कितीही विनवण्या करा. ती माहिती पोलिसांनी कायद्यानं मागितली तरच मिळते. काढलेला मजकूर आणि त्याची नोंद कंपनीनं १८० दिवस जपायची असते, म्हणून "बघू, दिवाळीनंतर" असं म्हणून चालत नाही. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका, पण तक्रारीचं पुढं काय झालं याचा मागोवा घ्यायचा असेल तर निनावी पर्याय घेऊ नका. १९३० हा नंबर पैशाच्या फसवणुकीसाठी आहे. फोटोची धमकी देऊन पैसे उकळले असतील तर तिथंही लगेच फोन करा. तासगाव असो की कोरेगाव, जवळच्या ठाण्यात लेखी तक्रार देता येते. गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी झीरो एफआयआर घेता येतो, तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. पुरुषानं बाईचा सतत पाठलाग करून मेसेज टाकणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये बसतं, धमकी ३५१ मध्ये, दुसऱ्याची ओळख चोरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ क मध्ये. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, सही, तारीख घेऊनच ठाण्याबाहेर पडा.

एवढं झालं की मग ब्लॉक करा. इन्स्टाग्रामवर ब्लॉक करताना त्याची नवी खातीही ब्लॉक करायचा पर्याय निवडा. तरी नवं खातं उघडलंच, तर नवी लिंक म्हणजे नवी तक्रार, आणि तिच्यात जुन्या तक्रारीचा क्रमांक पहिल्या ओळीत.