आधी काटा, मग नकाशा

पिकअपवर मुक्कामाचं घर स्वतःच्या हातांनी बांधायचं आहे, सुरुवात कुठून करू, असं बरेच जण मला विचारतात. प्रश्नासोबत बहुतेक वेळा एक नकाशाही येतो. आडवा पलंग, शेगडी, बेसिन, कोपऱ्यात शॉवर, छतावर सोलर, मागे दोन सायकली. नकाशे सुरेख असतात, काहींत तर पडद्यांचा रंगही ठरलेला असतो. नसतो तो फक्त किलोचा आकडा. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पेन्सिल खाली ठेवा आणि गाडी वजनकाट्यावर न्या. टाकी पूर्ण भरा, गाडीत एरवी असतं ते सगळं असू द्या आणि तीनदा काटा करा: पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची.

गाडीच्या प्लेटवर किंवा पुस्तिकेत तिचं एकूण मान्य वजन दिलेलं असतं, आणि पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलची (म्हणजे चाकांच्या आडव्या दांड्यांची) मर्यादा वेगवेगळी. त्यातून काट्यावरचा आकडा वजा केला की उरतं ते तुमचं भांडवल. पुस्तिकेतलं रिकाम्या गाडीचं वजन मात्र धरू नका. ते कारखान्यातून निघालेल्या साध्या मॉडेलचं असतं. नंतर बसवलेला लोखंडी बंपर, विंच, जाड टायर यांची त्यात गणती नसते.

समजा मान्य वजन ३,००० किलो आणि काट्यावर गाडी २,००० भरली. हातात १,००० किलो. ऐकायला भरपूर वाटतं. आता दोन माणसं १५० किलो, पाणी ८० लिटर म्हणजे ८० किलो, जादा चाक ३५, फ्रिज-शेगडी-बॅटरी मिळून ९०, कपडे-भांडी-शिधा १००, हत्यारं, जॅक, दोर वगैरे ६०. झाले ५१५. थोडी मोकळीक हवीच, कारण सामान वाढतं, कमी कधीच होत नाही. तिच्यासाठी १०० बाजूला काढा. उरले ३८५ किलो. भिंती, छप्पर, तळ, दार, खिडक्या, पलंग, कपाटं आणि हे सगळं चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बसवणारी चौकट, एवढं त्या ३८५ मध्ये बसवायचं. नकाशातला शॉवर बहुधा इथेच गळतो. सायकलींचं काय होतं ते पुढे सांगते.

वजन किती, याच्याइतकंच ते कुठे बसलंय हेही महत्त्वाचं. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये ३ मीटर अंतर आहे आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या १.५ मीटर मागे तुम्ही १०० किलो टांगलेत, तर मागच्या अ‍ॅक्सलवर १०० नव्हे, १५० किलो वाढतात आणि पुढची चाकं ५० किलोंनी हलकी होतात. स्टिअरिंग पुढच्या चाकांवर आहे आणि ब्रेकचा मोठा भारही तीच उचलतात. म्हणून सायकली मागे लटकवण्याचा बेत मी ऐकून घेते, पण टाळायला सांगते. पाण्याची टाकी, बॅटरी, हत्यारांची पेटी जितकी खाली आणि जितकी केबिनकडे सरकवता येईल तितकी सरकवा.

मागून गाडी बसली की पुष्कळ जण स्प्रिंगच्या पाट्यांच्या जोडीला हवेच्या पिशव्या बसवतात. गाडी वर येते, डोळ्यांना बरं वाटतं. मला तो उपाय आवडत नाही. पाट्यांचा भार चासीवर दोन टोकांना वाटला जातो, पिशवीचा भार मात्र अ‍ॅक्सलच्या वर एकाच जागी ढकलतो. मागे लांबवर लोंबणारं वजन आणि मध्ये हा टेकू, मग खड्ड्यात आपटताना चासी नेमकी तिथेच वाकते. चार दारांच्या केबिनच्या पिकअपला हा धोका जास्त, कारण तिच्यावर डब्याचा, म्हणजे मुक्कामाच्या खोलीचा, मोठा भाग मागच्या अ‍ॅक्सलच्या पलीकडे जातो. शिवाय पिशव्यांनी गाडी उंच झाली तरी मान्य वजन तेवढंच राहतं.

आता ज्या गोष्टीवर माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तिच्याकडे येते, ती म्हणजे चासीचा पीळ. हा वाचून पटत नाही, बघावा लागतो. मोकळ्या सपाट जागी पुढचं डावं चाक आणि मागचं उजवं चाक भक्कम ठोकळ्यांवर चढवा, हँडब्रेक ओढा, बाकीच्या चाकांना उटी (अडवणारे दगड) लावा आणि बाजूला उभं राहून केबिनची मागची भिंत आणि हौद्याची, म्हणजे मागच्या सामानाच्या जागेची, पुढची कड यांच्यामधली फट बघा. मघाशी दोन्ही कडा एका ओळीत होत्या. आता हौद्याचा एक कोपरा केबिनपेक्षा वर गेलाय, दुसरा खाली आलाय. कुठेही काही मोडलेलं नाही. शिडीच्या आकाराची चासी अशी पिळली जावी, चाकं जमिनीला टेकलेली राहावीत, म्हणूनच केबिन आणि हौदा वेगळे ठेवलेले असतात आणि दोघांमध्ये फट सोडलेली असते. केबिन आणि हौद्यामध्ये ३ अंशांचा पीळ धरला, तर दीड मीटर उंचीवर डब्याचा माथा केबिनच्या मानाने जवळजवळ ८ सेंटीमीटर बाजूला सरकतो. केबिनच्या डोक्यावर पलंग काढायचाय किंवा केबिनमधून आत जायला वाट ठेवायचीय, तर ही जागा आधी धरायला हवी. वाटेला रबरी भाता लागतो, कडक चौकट चालत नाही.

बुटांचं खोकं झाकणाशिवाय हातात धरून पिळलं तर सहज पिळतं. झाकण चिकटवलं की ते हट्टाला पेटतं. तुमचा डबा म्हणजे झाकण चिकटवलेलं खोकं. तो चारही कोपऱ्यांत थेट चासीला आवळला तर चासी पिळायला बघणार, डबा नकार देणार, आणि या भांडणात कोणीतरी हरणारच. कधी भिंतीच्या सांध्याला भेग जाते, कधी दाराच्या चौकटीचा कोपरा फाटतो, कधी बोल्ट तुटतो. सगळ्यात वाईट म्हणजे जिथे आवळलेला भाग संपतो त्या जागी चासीलाच तडा जातो.

म्हणून डबा थेट चासीवर न ठेवता एका मधल्या चौकटीवर बसवतात आणि त्या चौकटीला हलायला वाव देतात. तीन बिंदूंवर टेकवणं ही एक रीत: मागे दोन पक्के आणि पुढे मधोमध एक फिरता. चार बिंदूंच्या रीतीत पुढे मधोमध एक आणि मागे मधोमध एक असे दोन फिरते, आणि दोन्ही कुशींना एकेक पक्का. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत शेतीच्या कामासाठी जन्मलेल्या उनिमॉग या ट्रकची चासी मुद्दामच लवचीक ठेवलेली आहे, त्यामुळे तिच्यावर घर बांधणाऱ्यांना या रीतींशिवाय गत्यंतर नसतं. पिकअपसाठी मला स्प्रिंगची रीत बरी वाटते. मागे चौकट पक्की आवळायची आणि पुढच्या बोल्टांवर दणकट स्प्रिंगा चढवायच्या. सपाट रस्त्यावर चौकट चासीवर सबंध लांबीभर टेकून राहते, म्हणजे भार एका जागी येत नाही. गाडी पिळली की पुढचा एक कोपरा स्प्रिंग दाबत थोडा उचलला जातो आणि नंतर परत बसतो. बनवायला सोपं, तपासायलाही सोपं. एक पथ्य मात्र पाळा. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडायचं नाही आणि तिथे वेल्डिंगही करायचं नाही. ब्रॅकेट उभ्या बाजूला लावायचं, तेही कारखान्यानेच दिलेली भोकं वापरून. वेल्डर मित्र कितीही उत्साही असला तरी.

हौदा काढायचा की त्यातच डबा ठेवायचा, असं विचाराल तर पहिल्यांदा बांधणाऱ्याला मी हौद्यात बसणारा, स्वतःच्या चार पायांवर उतरवता येणारा डबा सुचवते. जागा कमी मिळते, चाकांवरचे उंचवटे मध्ये येतात, हे खरं. पण गाडी गाडी राहते, आणि डब्याचं काम गाडी न अडवता होतं.

भिंतींचं गणित परत किलोवर येतं. २.२ मीटर लांब, १.८ रुंद, १.८ उंच असा डबा धरला तर सहाही बाजू मिळून २२ चौरस मीटरच्या आसपास क्षेत्र होतं. बाहेरून नुसता १ मिलिमीटरचा लोखंडी पत्रा मारला तरी पावणेदोनशे किलो संपले, आतला सांगाडा वेगळाच. १८ मिलिमीटरचं प्लायवूड घेतलं तर सव्वादोनशेच्या वर, आणि थंडी-उन्हाला त्याचा फारसा अडसर नाही. मधे ४० मिलिमीटर फोम आणि दोन्ही अंगांना २ मिलिमीटर फायबरग्लास असं पॅनल चौरस मीटरला ८ किलोच्या आसपास बसतं. म्हणजे तेवढ्याच पावणेदोनशे किलोंत भिंत, ताकद आणि उष्णतेची आडकाठी तिन्ही मिळतात. फोम स्वतः काहीच उचलत नाही असं वाटतं, पण दोन कातड्यांना एकमेकांपासून दूर धरून ठेवण्याचं काम तो करतो आणि पॅनलचा ताठपणा त्या अंतरातून येतो.

पण फोममध्ये स्क्रू धरत नाही. बिजागरी, कपाट, पलंगाची कड जिथे येणार तिथे फोम काढून प्लायवूडचे तुकडे आधीच बसवावे लागतात, फायबर चढवण्यापूर्वी. नकाशा खरा उपयोगी पडतो तो या टप्प्यावर, आणि मिलिमीटरपर्यंत अचूक असावा लागतो.

पॅनल एकमेकांना पॉलियुरेथेनच्या सिलंटने (सांधे बुजवणाऱ्या चिकट लगद्याने) चिकटवतात. दोन्ही बाजू घासून, पुसून, लागत असेल तर प्रायमर मारून तयार ठेवायच्या. नळीचं तोंड इंग्रजी व्ही अक्षरासारखं कापलं की सिलंटची त्रिकोणी, उभी रेघ पडते. मध्ये ३ मिलिमीटर जाडीचे छोटे तुकडे ठेवायचे, म्हणजे पॅनल दाबून धरणारे पट्टे आवळताना सगळा सिलंट पिळून बाहेर जात नाही. पातळ थर ताण घेऊ शकत नाही, जाडी हवीच. हे रसायन हवेतल्या दमटपणाने पिकतं, त्यामुळे दमट दिवशी रेघेवर कातडी लवकर धरते आणि पॅनल उचलून आणेपर्यंत उशीर झालेला असतो. आधी सिलंटशिवाय एकदा पूर्ण जुळवणी करून बघा, कोण कुठे उभं राहणार तेही ठरवा. पिकणं बाहेरून आत सरकतं, दिवसाला काही मिलिमीटर. दुसऱ्या दिवशी वरून टणक लागलं तरी पट्टे सोडायची घाई करू नका.

भिंतीतून आरपार जाणारा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा किंवा बोल्ट मात्र टाळा. अ‍ॅल्युमिनियम फोमच्या हजारो पट वेगाने उष्णता वाहून नेतं. दोन माणसं आत झोपली की रात्रभरात श्वासातून-घामातून अर्धा लिटर पाणी सहज हवेत मिसळतं, आणि ते नेमकं त्या थंड बोल्टवर जमतं. छतावर फिरणाऱ्या पंख्याची एक फट आणि खाली दुसरी फट ठेवा. थंडीतही.

वीज आणि गॅस यांच्यावर लोक तासन्‌तास बोलतात, मला त्यात फार बोलण्यासारखं वाटत नाही. १२ व्होल्टवर १,२०० वॉटचं उपकरण १०० अँपिअर ओढतं, तेव्हा तारा जाड आणि आखूड, आणि फ्यूज बॅटरीला खेटून. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी हलकी आहे, पण शून्य अंशांखाली ती चार्ज करू नये. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं आणि तो कप्पा झोपायच्या जागेपासून पूर्ण बंद हवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, यावर चर्चा नको.

उरले कागद. उतरवता येणारा डबा बऱ्याच ठिकाणी सामान म्हणून चालतो. हौदा काढून कायमचा बसवला की गाडीचा प्रकारच बदलू शकतो आणि मग नोंदणी, तपासणी, विमा सगळं नव्याने. युरोपात बी वर्गाच्या, म्हणजे साध्या मोटारीच्या, लायसन्सची मर्यादा वर्षानुवर्षं ३,५०० किलो राहिली, म्हणून तिथले कितीतरी डबे त्या रेषेच्या आत बसवायच्या धडपडीतून आकाराला आले. तुमच्याकडचा नियम काय ते नोंदणी कार्यालयात आणि विमावाल्यांकडे लेखी विचारा, एकही बोल्ट सैल करण्याआधी. कुठल्या टप्प्याचे फोटो लागतील तेही त्याच पत्रात विचारून घ्या, कारण पॅनल बंद झाल्यावर आतली वायरिंग तपासनीसाला दाखवता येत नाही.