हेकेल डिस्कस, बदामाची पानं अन् नागपूरचा मे महिना

मागच्या आठवड्यात एका पोट्ट्याचा फोन आला, काका वाइल्ड डिस्कस, म्हणजे नदीतून पकडलेले थाळीसारखे चपटे मासे, घेतले, दोन दिवस झाले कोपऱ्यात काळे पडून उभे आहेत, काहीच खाऊन नाही राहिले, कोणतं औषध टाकू? मी म्हटलं, आधी टँकचा लाइट बंद कर, समोर एक चादर टाक अन् तिथून ऊठ. औषधाचं मग पाहू. फोन ठेवला अन् वाटलं की हे एकदा नीट लिहूनच टाकावं, कारण माझे आणले तेव्हा मीही दर दहा मिनिटांनी टँकसमोर जाऊन बसत होतो.

माझ्याकडं तीन हेकेल आहेत, डिस्कसचीच एक जात. आणले होते चार. मित्रानं मुंबईहून विदर्भ एक्सप्रेसमध्ये सीटखाली थर्माकोलचा बॉक्स ठेवून रात्रभर सांभाळत आणले, सकाळी ते घेऊन मी प्रतापनगरला घरी आलो, पिशव्या उघडल्या, अन् बारीक नळीनं थेंब थेंब टँकचं पाणी पिशवीत सोडत दीड तास बसलो, कारण सगळीकडं तसंच सांगतात. चौथा दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. बंद पिशवीत माशाच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड साचतो, त्यानं पाण्याचा पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं पाणी आम्ल) खाली येतो, अन् कमी पीएचमध्ये माशाच्या अंगातून निघालेला अमोनिया फारसा विषारी नसतो. पिशवी उघडली की तो वायू उडून जातो, पीएच चढतो अन् रात्रभराचा साचलेला तोच अमोनिया कल्ले जाळायला लागतो. मी त्या माशाला दीड तास त्यातच ठेवलं. अजूनही ती पिशवी डोळ्यांसमोर येते. लांबच्या प्रवासाचा मासा असेल तर बंद पिशवी तरंगवून तापमान जुळवा, आधीच तयार ठेवलेल्या मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या पाण्यात मासा सोडा, पिशवीचं पाणी मोरीत. बस.

हेकेल म्हणजे ज्याच्या अंगावर मधला पाचवा पट्टा जाड अन् काळा असतो तो. १८४० मध्ये व्हिएन्नाच्या हेकेल यांनी याचं शास्त्रीय वर्णन केलं, म्हणून हे नाव. हा ब्राझीलच्या रिओ नेग्रोचा मासा, तिथलं पाणी कोऱ्या चहासारखं, पीएच ४ ते ५, क्षार जवळजवळ नाहीतच. पाणी उतरलं की नदीत पडलेल्या झाडांच्या फांद्यांमध्ये हे लपून राहतात अन् लोक रात्री बॅटरी घेऊन, जाळी लावून पकडतात. मग होडी, मग टाकी, मग विमान, मग दुसरी टाकी. आपल्या हातात येईपर्यंत त्याचे कित्येक दिवस उपाशी गेलेले असतात. समोरून पाहा, डोळ्यांच्या वरचं कपाळ चाकूच्या पात्यासारखं बारीक झालेलं दिसेल. चांगल्या माशाचं कपाळ गुबगुबीत असतं. मी दुकानात आधी तेच पाहतो, रंग नंतर.

आता आपलं पाणी. नळाला पेंच धरणाचं पाणी येते, माझ्या मीटरवर टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, २०० च्या वर, अन् बोअरचं तर विचारूच नका. म्हणून गच्चीखाली २०० लिटरचा ड्रम ठेवला आहे, त्यात आरओचं पाणी अन् थोडं नळाचं, नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारायला हायपोचे खडे, अन् एक दिवस हवा सोडून ठेवायचं. टीडीएस ६०-७०, पीएच ६ च्या आसपास. नदीत ४.५ आहे म्हणून घरी ४.५ करायला जाऊ नका बापा, इतक्या आम्ल पाण्यात फिल्टरमधले बॅक्टेरिया मंदावतात अन् मग सगळं सांभाळणं कठीण होते. ६ वर ते ठीक राहतात, अन् मासेही.

पाणी नदीसारखं चहाच्या रंगाचं करायला लागणारी बदामाची पानं मात्र आपल्याकडं फुकट आहेत. कॉलनीत ते मोठ्या पानांचं बदामाचं झाड असतेच, पानं लाल होऊन गळाली की मी पिशवी घेऊन निघतो, हिरवी तोडत नाही, रस्त्याच्या कडेची धुळीची घेत नाही. धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून, टँकमध्ये चार-पाच. दोन दिवसांत पाणी तांबूस. आई पहिल्यांदा म्हणाली, "काहून रे, गटाराचं पाणी भरलं काय?" आता तीच पानं वेचून आणते.

औषधाचं म्हणाल तर पाहून द्या, अंदाजानं नाही. शेण पांढरं, दोऱ्यासारखं लोंबत असेल अन् मासा काळा पडून खात नसेल तर आतड्यातल्या परजीवींचा संशय, त्यासाठी मेट्रोनिडाझोल, मी ४० लिटरला २५० मिलिग्रॅमनं दिलं होतं, हीटर ३२ वर अन् हवा जास्त. एकच कल्ला हलतो, दुसरा चिकटून बंद, अन् मासा लाकडावर अंग घासतो, तेव्हा कल्ल्यांचे कृमी, तिथं प्राझिक्वांटेल. मी मोबाइलवर टायमर लावून एका मिनिटात कल्ले किती वेळा उघडतात ते मोजून वहीत लिहितो, रोज त्याच वेळेला. आकडा चढत चालला की दिसायच्या आधी कळते.

अन् मे महिना. सगळे हीटरचं सांगतात, इथं बाहेर ४५-४६, घरात कूलर लावूनही टँक ३३ वर जातो. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, त्यात वादळ आलं अन् लाइट गेली की संपलं. मागच्या उन्हाळ्यात रात्री चार तास लाइट नव्हती, तिघंही वर येऊन तोंड मारत होते, मी अन् आई मगानं पाणी उंचावरून ओतत बसलो. दुसऱ्या दिवशी बॅटरीवाला एअर पंप आणला. टँकवर पंखा लावला तर पाणी दोन-तीन डिग्री उतरते, पण मग रोज चार-पाच लिटर उडून जाते, अन् ती भर नळाच्या पाण्यानं घातली तर क्षार तेवढेच मागं राहून साचत जातात, म्हणून भर फक्त आरओची. हिवाळ्यात उलटं, तेव्हा एका मोठ्या हीटरऐवजी दोन लहान, एक बिघडला तरी रात्र निघते.

खाण्याचं, रानातला मासा दुकानातला तयार दाणा ओळखत नाही. नदीत तो शेवाळ, कुजका पाला, बारीक किडे खातो. फ्रोझन ब्लडवर्मनं (गोठवलेल्या लाल अळ्यांनी) सुरुवात करा, मग त्यात दाणे भिजवून मिसळा. माझे दोघं चार महिन्यांत शिकले. लहानगा अजून दाणा तोंडात घेतो, दोनदा चघळतो अन् थुंकतो, मग दुसऱ्यानं थुंकलेला उचलून पाहतो. परवा त्यानं एक गिळला.