आमची वाटचाल : ॲसिडच्या टाकीपासून भट्टीपर्यंत

आमचा धंदा म्हणजे लोखंडी टाकीला आतून विटा लावणे. ऐकणारा म्हणतो, मग गवंडीकामच की! आहेच. फरक इतकाच की त्या टाकीत उद्या गरम सल्फ्युरिक ॲसिड भरणार असतं आणि काम चांगलं झालं असेल तर लावलेली वीट पुन्हा वर्षानुवर्षं नजरेला पडत नाही.

बाबा मूळचे खेड तालुक्यातले. कल्याणकडच्या एका रेयॉन मिलमध्ये ते लायनिंग मिस्त्री होते. रेयॉनचा धागा ॲसिडच्या बाथमध्ये तयार होतो. ते ॲसिड सांडतं, उडतं, गटारातून वाहतं, त्यामुळे तिथे ॲसिडप्रूफ विटांचं काम बारमाही चालायचं. मिलला घरघर लागली तेव्हा बाबा गावी परतले. तोवर लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत केमिकल कारखाने उभे राहिले होते आणि हे काम येणारा माणूस आसपास नव्हता. सुरुवात मजुरीवर झाली. विटा कंपनीच्या, सिमेंट कंपनीचं, आम्ही फक्त हात पुरवायचे आणि चौरस मीटरवर पैसे घ्यायचे.

त्यात एक गोची होती. टाकी गळली की पहिला फोन मिस्त्रीला. खरं तर वीट ॲसिड अडवतच नाही. वीट कितीही पक्की भाजलेली असो, सांधे कितीही दाबून भरलेले असोत, ॲसिड हळूहळू मागे झिरपतंच. त्याला अडवतं ते विटेमागचं अस्तर: रबर, शिसं नाहीतर पीआयबीची (रबरासारख्या एका प्लास्टिकची) शीट. पण रबर सत्तर-ऐंशी अंशांच्या वर फार दिवस टिकत नाही. म्हणून पुढे विटा लावायच्या, म्हणजे आत शंभर अंश असले तरी रबरापर्यंत पोचेस्तोवर उष्णता उतरते. विटेचा एक थर पुरेल की दोन लागतील, हे या हिशोबावर ठरतं. अस्तर दुसऱ्याचं, विटा आमच्या आणि शिव्याही आम्हालाच, असं बरीच वर्षं चाललं. शेवटी बाबांनी ठरवलं की घ्यायचं तर शेलपासून, म्हणजे टाकीच्या लोखंडी भिंतीपासून, आतल्या सांध्यापर्यंत सगळं काम आपण घ्यायचं. रबराचं काम बाहेरच्या माणसाकडून करून घेतलं तरी त्याची स्पार्क टेस्ट, म्हणजे बारीक छिद्रं शोधायची विजेच्या ठिणगीची चाचणी, आमच्यासमोर झाल्याशिवाय पहिली वीट लागत नाही.

मी केमिकलचा डिप्लोमा करून धंद्यात आले ती याच सुमारास. मिस्त्री मंडळी मला ताई म्हणतात, पण मॅनहोलमधून मी आत उतरले की सुरुवातीला सगळे गप्प व्हायचे. वीट कशी पारखायची ते मला त्यांनीच शिकवलं. दोन विटा हातात घेऊन एकमेकींवर वाजवायच्या. खणखणीत वाजली तर लावायची, बद्द वाजली तर आत भेग आहे, बाजूला ठेवायची. प्रयोगशाळेचा रिपोर्ट मी मागवतेच. आयएस ४८६० या ॲसिडप्रूफ विटांच्या भारतीय मानकाप्रमाणे पहिल्या वर्गाच्या विटेचं पाणीशोषण दोन टक्क्यांच्या आत लागतं. पण ट्रकमधून उतरणाऱ्या प्रत्येक विटेचा रिपोर्ट नसतो, कान मात्र प्रत्येक विटेला लावता येतो.

सिमेंटची, म्हणजे विटांचे सांधे भरायच्या मसाल्याची, निवड हा या धंद्यातला खरा अवघड भाग. तीव्र सल्फ्युरिकला सिलिकेटचं सिमेंट लागतं, त्यातही पोटॅशियमचं. सोडियम सिलिकेटमध्ये सल्फ्युरिक मुरलं की सोडियम सल्फेटचे खडे धरतात, ते फुगतात आणि सांधा आतून फुटतो. फ्युरान नावाच्या रेझिनचं सिमेंट ॲसिड आणि कॉस्टिक सोडा दोन्ही सोसतं, पण नायट्रिकपुढे टिकत नाही. हायड्रोफ्लोरिक असेल तर सिलिकाची वीटच विरघळते, तिथे कार्बनची वीट लागते. हलक्या कामाला काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेलं रेझिन सिमेंट चालतं. सोलताना बायकांचे हात ज्याने भाजतात ते हेच तेल. कोकणात राहून ते वापरलं नाही तर नवलच.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या आमच्या गोडाऊनमध्ये शिरलं. रेझिन, पावडर, सिलिकेटचे बॅरल, सगळं गेलं. विटा राहिल्या, पण चिखलाने माखलेल्या आणि ओल्या. ओल्या विटेला सिलिकेट धरत नाही. ऐन पावसाळ्यात धुऊन, पत्र्याखाली मांडून, हीटर लावून वाळवण्यात कित्येक आठवडे गेले.

त्याआधीपासूनच ॲसिडची कामं कमी व्हायला लागली होती. टाक्या एफआरपीच्या, म्हणजे काचतंतू घातलेल्या प्लास्टिकच्या, येऊ लागल्या. सल्फ्युरिक प्लांटचे टॉवर जास्त सिलिकॉनच्या स्टेनलेस स्टीलमध्ये मिळू लागले, त्यांना विटा लागतच नाहीत. वाईट वाटून उपयोग नव्हता, चांगला टॉवर असेल तर लोक घेणारच. आम्ही भट्ट्यांकडे वळलो. गंधक जाळायच्या भट्टीत हजार अंशांच्या वर तापमान जातं, तिथे अजून विटेला पर्याय नाही. शेलला लागून इन्सुलेशनची वीट, आत जास्त उष्णता सोसणारी हाय ॲल्युमिनाची वीट. कमानीची शेवटची चावी, म्हणजे मधली पाचरीची वीट, बसवताना मात्र अजूनही सगळे श्वास धरून उभे असतात.

भट्टीत भांडण होतं ते वाळवण्यावरून. नवीन लायनिंगमध्ये पाणी असतं. तापमान ताशी पंचवीस-तीस अंशांनी चढवायचं, शंभरच्या थोडं वर गेल्यावर थांबायचं, वाफ निघून जाऊ द्यायची, मग पुढे. शटडाऊनमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी कारखाना बंद असताना, हे दिवस कोणालाच परवडत नाहीत. एका कारखान्यात आमची माणसं जेवायला गेलेली असताना कोणीतरी बर्नर पूर्ण उघडला. संध्याकाळपर्यंत विटांचे पापुद्रे खाली पडले होते. आमचं रिटेन्शन, म्हणजे बिलातून राखून ठेवलेली रक्कम, त्यांनी वर्षभर अडकवून ठेवलं. तापमानाचा चार्ट आमच्याकडे होता म्हणून निम्मं तरी सुटलं. तेव्हापासून ड्राय-आऊटला, म्हणजे या वाळवणीला, रात्रंदिवस आमचाच माणूस बर्नरपाशी बसतो. त्याचे पैसे कोटेशनमध्ये वेगळे लिहिलेले असतात आणि त्यात घासाघीस आम्ही करू देत नाही.

आता चौकशीचा फोन आला की ॲसिड कोणतं, किती टक्के, किती तापमान, हे समोरचा आपणहून सांगतो. मी मात्र आधी विचारते, टाकी धुता कशाने? परवा एकांनी अठ्ठ्याण्णव टक्के सल्फ्युरिक म्हणून सिलिकेटचं कोटेशन मागितलं. दोन-तीनदा विचारल्यावर कळलं, दर महिन्याला कॉस्टिकने धुतात. कॉस्टिकपुढे सिलिकेटचा सांधा टिकत नाही. म्हटलं, धुणं बंद करणार असाल तर हा भाव, नाहीतर आधी भेटून बोलू.